काजळी, कानस आणि जुनी दुनळी

चिमणीची वात मुद्दाम मोठी केलेली असते, धूर यावा म्हणून. त्या धुरावर नळीचे मागचे टोक धरायचे, त्यावर काळ्या मखमलीसारखी काजळी चढू द्यायची, मग नळी बंदुकीत अलगद बसवून मिटायची आणि लगेच उघडायची. जिथली काजळी पुसली गेली तिथे पोलादाला पोलाद लागते आहे. तेवढ्याच चकाकत्या ठिपक्यावर बारीक कानशीचे दोन हात मारायचे. पुन्हा चिमणी, पुन्हा काजळी, पुन्हा कानस. जुन्या इंग्लिश दुनळीला नवी नळी बसवणारा कारागीर दिवसभर हेच करतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पुन्हा तेच करतो. शेवटी मिटलेल्या बंदुकीत सगळीकडे काजळीचा सारखा पातळ थर उमटला की ती ‘बसली’. कानशीचा एक हात जास्त पडला तर मात्र गेलेले पोलाद परत येत नाही. नळी आणि तिच्यामागची भिंत यांत केसाएवढी फट राहते, आणि दर बाराबरोबर ती वाढत जाते.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या बंदुकीला नवी नळी हवी असेल तर कारखान्यातून तयार मागवून बसवता का येत नाही, असा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर बर्मिंगहॅमच्या गल्ल्यांत आहे. सेंट मेरी चर्चच्या आसपास, प्राइस स्ट्रीट, लव्हडे स्ट्रीट, बाथ स्ट्रीट अशा रस्त्यांवर एकोणिसाव्या शतकात बंदूकवाल्यांची अख्खी पेठच होती. तिथे बंदूक एका छपराखाली तयार होत नसे. नळी घडवणारा वेगळा, तिचे भोक करणारा वेगळा, चापाची यंत्रणा करणारा वेगळा. अक्रोडाचा दस्ता कोरणारा निराळ्या घरात, नक्षीवाला आणखी दोन घरे पलीकडे. अर्धीमुर्धी बंदूक दारोदार फिरे आणि प्रत्येक जण पुढच्याला जमेल अशा बेताने आपला भाग करून सोडून देई. लंडनच्या नामांकित दुकानांचे नाव कोरलेल्या कितीतरी बंदुकांचे सुटे भागही या पेठेतूनच जात. नकाशे नव्हते, ठरीव मापे नव्हती. माप म्हणजे समोरचा भाग आणि हातातली कानस.

म्हणून एकाच दुकानाच्या, लागोपाठ क्रमांकाच्या दोन बंदुका घेतल्या तरी एकीची नळी दुसरीत बसेलच असे नाही. श्रीमंत शिकारी बंदुकांची जोडी करून घेत. एक खांद्याला, दुसरी भरणाऱ्याच्या हातात, आणि दोन्हींवर सोन्यात कोरलेले १ आणि २. त्या जोडीतल्या सख्ख्या बहिणींच्या नळ्यासुद्धा हट्टाने आपल्याच घरात राहतात.

आज आपण जुन्या बंदुकीला नवी नळी म्हणतो. एके काळी हा व्यवहार नेमका उलटा होता. नळी जुनी आणि मोलाची, बाकीची बंदूक नवी. अठराव्या शतकाच्या आरंभी माद्रिदचा दरबारी कारागीर निकोलस बिस घोड्यांच्या जुन्या नालांचे लोखंड भट्टीत घालून नळ्या घडवायचा. दगडी रस्त्यांवर ठोके खाऊन ते लोखंड चिवट होते, अशी त्या धंद्यातली समजूत. त्या स्पॅनिश नळ्यांवर युरोपातले सरदार इतके लुब्ध होते, की नळी तेवढी मिळवून तिच्याभोवती आपल्या देशात नवी बंदूक बांधून घेत. तुर्की नळ्यांचेही तसेच. पूर्वेकडून आलेल्या, अंगावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असलेल्या नळ्या लंडनच्या बंदुकांवर चढलेल्या दिसतात.

हिंदुस्थानातही नळीचे आयुष्य दस्त्यापेक्षा मोठे असे. तोड्याच्या बंदुकीची नळी चामड्याच्या वाद्यांनी, तारेने किंवा धातूच्या पट्ट्यांनी लाकडावर आवळलेली असायची. लाकूड वाळवीने खाल्ले, फुटले, की वाद्या सोडायच्या आणि सुताराकडून नवे लाकूड घेऊन पुन्हा आवळायच्या. संग्रहालयांत अशा बंदुका बघताना नळी एका पिढीची आणि लाकूड नातवाच्या काळातले, असे सहज असू शकते. हा सुटसुटीतपणा पुढे बिजागरीवर मोडणाऱ्या बंदुकीने घालवला.

पॅरिसच्या लफोशे नावाच्या कारागिराने १८३० च्या दशकात मागून काडतूस भरायची, मधून मोडणारी बंदूक आणली. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात ती इंग्लिश कारागिरांनी पाहिली आणि पुढच्या पंचवीस वर्षांत बंदुकीचे अंगच बदलले. नळीच्या पोटाखाली एक पोलादी ठोकळा आला. धंद्यात त्याला लंप म्हणतात. त्याच्या पुढच्या अर्धगोल आकड्यात बिजागरीची खीळ अडकते, मागच्या खाचांत लंडनचा बंदूकवाला पर्डी याच्या १८६३ च्या पेटंटातली सरकती कडी बसते. नळीची मागची कड ज्या भिंतीला भिडते, ज्यात घोडे आणि कड्या असतात, तो मधला भाग म्हणजे ॲक्शन. आता नळी नुसती लाकडावर टेकलेली राहिली नाही. खीळ, कडी आणि भिंत अशा तीन ठिकाणी एकाच वेळी तिचे जमले पाहिजे. सुरुवातीची काजळी त्यासाठीच. त्यातही जुनी ॲक्शन वरून पाणी दिलेली, कडक. तिच्यावर कानस चालतच नाही. शिवाय तिची खीळ हजारो बार सोसून एका बाजूला झिजलेली. थोडक्यात, सगळी पडती बाजू नव्या नळीने घ्यायची.

मग मुळातली नळी जाते कुठे?

ती बहुतेक वेळा मीठ खाऊन मरते, आणि हे शब्दशः खरे आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचे क्लोराइड, म्हणजे मिठाचाच भाऊ, नळीच्या आत चिकटून राही आणि हवेतला ओलावा ओढत बसे. संध्याकाळी शिकारीहून आल्यावर गरम पाण्याने नळी धुतली नाही, नुसता तेलाचा बोळा फिरवला, की आठवड्याभरात आत बारीक खळगे पडू लागत. विलायतेतल्या धुक्यात ही गत, तर कोकणातल्या आषाढात काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. खळगे पडले की मालक नळी आतून घासून घेई. दर वेळी थोडी भिंत जाई. बारा बोअरच्या नळीचे भोक सुमारे साडेअठरा मिलिमीटर. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी, तेवढे. भोवतालची भिंत पुढच्या भागात सुरुवातीपासूनच मिलिमीटरभरसुद्धा नसते. घासत घासत ती अर्ध्या मिलिमीटरवर, म्हणजे वहीच्या चार-पाच पानांच्या जाडीवर आली, की जाणकार बंदूकवाला ती खाली ठेवतो आणि नव्या नळीचा विषय काढतो.

काही नळ्या मात्र मरायच्या आधीच काढल्या गेल्या, भीतीने. त्यांची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण त्यात कारागिरी खूप आणि अफवाही तितकीच आहे.

दमास्कस नळी म्हणजे गुंडाळलेली नळी. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचून भट्टीत एकजीव करायच्या, त्यांची कांब ओढायची, ती तापवून दोरीसारखी पिळायची. अशा दोन-तीन पिळलेल्या कांबी शेजारी शेजारी जोडून त्यांची फीत करायची आणि ती गजाभोवती सापासारखी वेटोळी घालत, कडेला कड ठोकत, लाल करून सांधायची. मग आतून भोक साफ करायचे, बाहेरून कानस मारायची. शेवटी आम्लात रंगवली, की लोखंड आणि पोलाद वेगवेगळे रंग धरतात आणि अंगावर कुरळ्या केसांसारखी नक्षी उमटते. इंग्लंडात त्याआधी घोड्याच्या नालांचे झिजलेले खिळे गोळा करून अशा नळ्या करत. नालबंदाच्या दारातला कचरा लॉर्डांच्या खांद्यावर जाई. पुढे बेल्जियममधल्या लिएज शहराजवळ, व्हेस्ड्र नदीच्या खोऱ्यात घरोघरी ही भट्टी पेटली आणि तिथल्या नळ्या सगळ्या जगात गेल्या. मागणी एवढी होती, की साध्या पोलादी नळीवर नुसतीच नक्षी छापून ‘दमास्कस’ म्हणून खपवणारेही निघाले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूर न करणारी दारू आली. काळ्या दारूपेक्षा तिचा दाब वेगळ्या तऱ्हेने चढतो. त्याच सुमाराला सर जोसेफ व्हिटवर्थच्या कारखान्याचे, वितळलेले असतानाच दाबून घट्ट केलेले पोलाद मोठ्या दुकानांनी उचलले. ‘गुंडाळलेली नळी सांध्यावर उलगडते’ हे वाक्य तेव्हापासून बंदूकवाल्यांच्या तोंडी बसले, आणि चांगल्या धडधाकट नळ्या काढून पोलादी नळ्या बसवायची लाट आली. गंमत अशी, की बंदुकांची चाचणी घेणाऱ्या बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसने त्याच काळात वेगवेगळ्या जातींच्या नळ्या मुद्दाम फुटेपर्यंत दारू वाढवून तपासल्या, तेव्हा यंत्रावर घडवलेल्या इंग्लिश थरांच्या नळ्या पोलादाच्या खांद्याला खांदा लावून, किंबहुना पुढेच, उभ्या राहिल्या. नव्या दारूची सरकारमान्य चाचणी पार केलेल्या दमास्कस नळ्या आजही आहेत. सगळ्याच तशा नव्हेत. स्वस्त, कच्च्या सांध्याच्या नळ्या खरोखर फुटत आणि माणसाचा डावा पंजा घेऊन जात. पण चांगल्या-वाईटातला हा फरक दुकानदाराने गिऱ्हाइकाला समजावत बसण्यापेक्षा नवी नळी विकणे सोपे होते, असे म्हटले तर फारसा अन्याय होणार नाही.

नवी जोडी करायची तर पहिली परीक्षा डोळ्यांची. नळी सरळ आहे का, हे पट्टी लावून कळत नाही. कारागीर ती खिडकीकडे रोखून आतून बघतो. खिडकीच्या आडव्या पट्टीची सावली भोकाच्या चकचकीत भिंतीवर दोन रेघांसारखी धावते. नळी सरळ असेल तर रेघा शेवटपर्यंत नितळ जातात. कुठे पोक असेल तर तिथे मोडतात. मग नेमक्या त्या जागी शिशाचा किंवा लाकडी हातोडा, एकच ठोका, पुन्हा खिडकी. हे काम करणारा माणूस तुटलेली रेघ कितव्या इंचावर आहे ते बघता बघता सांगतो. नवशिक्याला महिनोन्महिने नुसत्या सावल्याच दिसतात.

नंतर दोन नळ्यांचे लग्न. त्या समांतर आहेत असे वाटते, पण नसतात. मागे भिंती जाड, पुढे पातळ, म्हणून नळ्या पुढे जाता जाता एकमेकींकडे झुकलेल्या असतात. हे झुकणे मोजूनमापून ठेवावे लागते, कारण उजव्या नळीचा बार बंदुकीला थोडे उजवीकडे रेटतो आणि डाव्या नळीचा डावीकडे. दोन्ही नळ्यांचे छर्रे चाळीस यार्डांवर एकाच जागी पडले पाहिजेत. मागच्या बाजूला पितळेने झाळण, मधल्या पट्ट्यांना कथलाचा डाख. उत्तम प्रतीच्या कामात प्रत्येक नळीचा अर्धा लंप नळीबरोबरच एका तुकड्यात घडवलेला असतो. तशी कच्ची नळी हुबेहूब खाटकाच्या सुऱ्यासारखी दिसते, म्हणून इंग्रजीत तिला ‘चॉपर’ लंप हे नाव पडले. दोन सुरे पाठीला पाठ लावून जोडायचे.

जोड पक्का झाला की नाही याची परीक्षा कानांची. जोडी लंपाच्या आकड्यावर बोटाने टांगून धरायची आणि हलकी टिचकी मारायची. देवळातल्या घंटेसारखी ती घुमत राहिली तर पट्ट्या घट्ट. आवाज मडक्यासारखा बद्द आला तर कुठेतरी डाख सुटला आहे. याच कथलामुळे अशा नळीला आजचा झटपट काळा रंग देता येत नाही. कारखान्यातल्या उकळत्या कॉस्टिकचे मीठ पट्टीखाली शिरते, कथील खाते आणि आत बसून गंज पोसते. म्हणून गंजानेच गंज अडवायची जुनी रीत चालते: औषध लावून नळीवर मुद्दाम तांबूस गंज चढवायचा, उकळत्या पाण्यात बुडवून तो काळा करायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, आणि दिवसांमागून दिवस हे करत राहायचे, काळाभोर रंग मुरेपर्यंत.

एवढे सगळे जमले तरी बंदूक हातात घेतल्यावर ती ‘मेली’ असे जुना मालक म्हणू शकतो. साडेसहा पौंडांच्या बंदुकीत नळ्यांचा वाटा तीन पौंडांच्या आसपास. तो दोन-चार औंसांनी पुढच्या बाजूला वाढला, की तोल बिजागरीवरून सरकतो आणि उडत्या तितराकडे बंदूक वळायला क्षणभर उशीर करते. बीझ्ली नावाच्या कारागिराने १८८० मध्ये पर्डीला विकलेल्या ॲक्शनमध्ये तर कमानीच नळ्या उचलून बंदूक उघडतात. तिथे नळीचे वजन म्हणजे तराजूतले वजन. जोडीतल्या एकीची नळी बदलायची असेल तर दुसरीला तराजूत घालूनच काम सुरू होते.

साहजिकच हा खर्च कित्येकदा बंदुकीच्या किमतीच्या वर जातो. त्यावर दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लिश धंद्याने एक व्यवहारी तोड काढली: स्लीव्हिंग. जुन्या नळ्या मागून तीनेक इंचांवर कापायच्या, उरलेल्या बुडख्यात नव्या नळ्या बसवून झाळायच्या. लंप जुना, आकडा जुना, म्हणजे काजळीचा सगळा खटाटोप वाचला. काही जण तर आतून पातळ अस्तर घालतात, बाहेरची दमास्कस नक्षी तशीच ठेवून. शुद्धतावादी लोक स्लीव्हिंगला नाके मुरडतात. पण शेकडो बंदुका त्यामुळे भंगारात जायच्या वाचल्या, आणि सांध्याची बारीक रेघ झाकायला नक्षीवाल्याने कोरलेले कडे काही वेळा मूळ नक्षीपेक्षा देखणे असते.

शेवटचा शब्द कारागिराचा नसतोच, तो चाचणी घेणाऱ्या प्रूफ हाउसचा असतो. लंडनच्या बंदूकवाल्यांच्या संघाला १६३७ ची राजसनद आहे. बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस १८१३ च्या कायद्याने बॅनबरी स्ट्रीटवर उभे राहिले. नवी नळी, नवे अस्तर, स्लीव्ह, काहीही असो. नेहमीपेक्षा जबर काडतूस भरून, माणसे भिंतीआड ठेवून तिथे बार काढला जातो. बंदूक टिकली तर शिक्का. नळी नवी असली तरी ॲक्शन आजोबांच्या वयाची; कित्येक महिन्यांचे काम त्या एका बारात तडकू शकते. स्लीव्ह केलेल्या नळीवर ‘स्लीव्ह्ड’ असा शब्दच ठोकतात, आणि लिलावाच्या यादीत तो शब्द आला की किंमत खाली येते. मूळ दुकानानेच नळी बदलली असेल तर मात्र फारशी नाही. काम दोन्हीकडे सारखेच चोख असले तरी.

हिंदुस्थानात या बंदुका कमी आल्या नाहीत. जोसेफ मँटन लंडनचा सर्वात नावाजलेला बंदूकवाला. त्याच्या मुलाने १८२५ मध्ये कलकत्त्यात दुकान थाटले. पुढे संस्थानिकांच्या ऑर्डरींवर लंडनची मोठी दुकाने वर्षानुवर्षे जगली. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये शिकारीच्या बंदुका आणि पेंढा भरलेली जनावरे आजही एकाच छताखाली आहेत. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली आला आणि त्या बंदुकांचे मूळ काम संपले. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेतीच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मात्र परवान्यावर राहिली. ज्याच्याकडे बरी स्थिती, त्याच्या घरी एखादी काडतुसाची दुनळी, परवान्यावर ‘डीबीबीएल’ (म्हणजे मागून भरायची दुनळी) अशी नोंद आणि पुढे क्रमांक.

हा क्रमांक इंग्लिश बंदुकीवर तीन ठिकाणी ठोकलेला असतो: ॲक्शनवर, नळ्यांखाली आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावर. विलायतेत मूळ दुकानाने नळ्या बदलल्या तर नव्या नळ्यांवर जुनाच क्रमांक ठोकतात. निवडणूक आली की परवानाधारक बंदूक पोलीस ठाण्यात जमा करतो. हवालदार नळ्या उतरवून त्यांच्या पोटाखालचे आकडे वाचतो, परवान्याशी ताडून बघतो, आकडे जुळतात, आणि तो रजिस्टरवर सही घेतो.